आत्याचं ‘लाईट’चं मशीन आणि २७ किलोमीटरची गोफण

गेल्या पावसाळ्यात आत्याला ‘लाईट’ द्यायचं ठरलं. कॅन्सरवरच्या रेडिएशनला आपल्याकडे रेडिओथेरपी फक्त फायलीवर म्हणतात. बाकी कुणी लाईट म्हणतं, कुणी शेक. अक्कलकोटकडून येणारे एक काका ‘करंट’ म्हणायचे. आत्याला एकूण २५ लाईट सांगितले होते, सोमवार ते शुक्रवार. मी शाळेत विज्ञान शिकवतो. सकाळची शाळा सुटली की तिला स्कूटरवर बसवून न्यायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी ती त्या जाड भिंतींच्या खोलीतून बाहेर आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “काहीच झालं नाही रे. मशीन नुसतं माझ्याभोवती फिरलं, घूं घूं केलं, झालं. त्यात असतं तरी काय?”

“त्यात इलेक्ट्रॉन पळवतात.”

“कुठं पळवतात? सांग की नीट.”

नीट सांगायला पुढच्या २४ दुपारी लागल्या. बाकावर बसून, नंबर येईपर्यंत, तुकड्यातुकड्यानं. आत्याचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण तिनं सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या चादरीच्या कारखान्यात ३० वर्षं सुताच्या कांड्या भरल्या आहेत, आणि हे समजायला त्याचा उपयोग माझ्या पदवीपेक्षा जास्त झाला.

त्या खोलीतलं मशीन म्हणजे एक पार्टिकल ॲक्सिलरेटर आहे. पाठ्यपुस्तकी मराठीत कणवेगवर्धक. जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेत जमिनीखाली २७ किलोमीटरचं जे प्रसिद्ध कडं आहे, लार्ज हॅड्रॉन कोलायडर, त्याच जातीचं. हत्ती आणि घुशीइतका फरक असेल, पण दोघांचं काम एकाच तत्त्वावर चालतं.

तत्त्व साधं आहे. ज्या कणावर विद्युतभार आहे, त्याला विजेनं ढकलता येतं आणि चुंबकानं वळवता येतं. ढकलायला वीज, वळवायला चुंबक. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं कारागिरीचं आहे. ज्यांच्या घरी जुना डबा टीव्ही होता, त्यांच्या दिवाणखान्यातही ॲक्सिलरेटरच होता. मागच्या निमुळत्या नळीत इलेक्ट्रॉन सुटायचे, २०-२५ हजार व्होल्टच्या ओढीनं पडद्याकडे धावायचे, वाटेत चुंबकं त्यांना डावीउजवीकडे, वरखाली वळवायची आणि ते आपटतील तिथे पडदा चमकायचा. लहानपणी आम्ही फुटक्या स्पीकरचं चुंबक टीव्हीजवळ नेलं होतं. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा हिरवा-जांभळा झाला आणि तो डाग बरेच दिवस गेला नाही. वडिलांनी दिलेला प्रसाद आठवणीत आहे, पण चुंबक इलेक्ट्रॉनला वळवतं हे त्या दिवशी कायमचं कळलं.

कणाला किती ऊर्जा मिळाली हे मोजायला शास्त्रज्ञांनी सोयीचं माप धरलं आहे: इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एक इलेक्ट्रॉन एक व्होल्टचा फरक पार करतो तेव्हा त्याला मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बॅटरीच्या सेलमधून दीड मिळते. टीव्हीच्या नळीतून २०-२५ हजार. आत्याच्या मशीनमध्ये साधारण ६० लाख. सर्नच्या कड्यात प्रत्येक प्रोटॉनला ६.८ लाख कोटी. हो, लाख कोटी, अर्थसंकल्पात असतात तसले.

आता कुणीही विचारेल, मग सरळ तेवढ्या व्होल्टचा एकच दणका का देत नाहीत?

कारण ठिणगी. साध्या हवेत एक सेंटिमीटर अंतरात ३० हजार व्होल्टच्या आसपास गेलं की हवाच फाटते आणि वीज चमकते. नळीतली हवा काढून टाका, बाहेर खास वायू भरा, तरी कुठेतरी हद्द येतेच. १९३२ साली केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी काही लाख व्होल्ट उभे करून प्रोटॉन पळवले आणि त्यांनी लिथियमचं अणुकेंद्र फोडलं. माणसानं बनवलेल्या ॲक्सिलरेटरनं फोडलेलं ते पहिलं अणुकेंद्र. मुंबईत टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात पेलेट्रॉन नावाचं मशीन आहे, ते १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत जातं. एका दणक्याचा हा रस्ता त्याच्या फार पुढे जात नाही.

इथे मला आमचा जॉबर आठवतो. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, सेट करणारा माणूस. पॉवरलूमवर आडवं सूत घेऊन जाणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो आणि दोन्ही बाजूंचे दांडे त्याला आळीपाळीनं मार देतात. मी १२-१३ वर्षांचा असताना एक माग सारखा धोटा उडवत होता. मागातून सुटलेला धोटा कुणाच्या डोळ्यावर बसला तर डोळा जातो, त्यामुळे सगळे लांब उभे. मी शहाणपणानं म्हणालो, मार कमी पडत असेल, जोर वाढवा. तो पान्यावरून मान वर न करता म्हणाला, “काय बगलालास बे नुसता? जोर नको, टायमिंग बघ.”

ॲक्सिलरेटरचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे. मोठा धक्का नको. छोटे धक्के द्या, भरपूर द्या, आणि प्रत्येक धक्का नेमक्या क्षणी द्या. नागपंचमीच्या झोक्याला आपण हेच करतो. झोका मागे येऊन वळतो त्या क्षणी नुसत्या बोटांनी लोटलं तरी तो चढत जातो. अवेळी लोटलं तर हात दुखतो आणि झोका मंदावतो.

नॉर्वेच्या रॉल्फ विडेरो यांनी १९२८ मध्ये ही कल्पना करून दाखवली. ओळीनं नळ्या ठेवायच्या, त्यांच्यामधल्या फटींत विजेची दिशा सतत उलटसुलट बदलत ठेवायची, आणि कण फटीत येईल तेव्हा वीज बरोबर पुढे ढकलणारीच असेल असा मेळ घालायचा. चुकीच्या दिशेची वेळ कण नळीच्या आत असताना जाते. आत विजेचा स्पर्श नाही, म्हणजे पावसात बोगद्यातून जावं तसं. फट आली की धक्का, पुढची फट, पुन्हा धक्का.

आत्याचं मशीन याचंच सुधारलेलं रूप आहे. आत तांब्याची, फुगवट्या-फुगवट्यांची नळी असते, मीटर-दोन मीटरची. तिच्यात घरच्या मायक्रोवेव्हच्या नात्यातल्या, पण कितीतरी ताकदवान लहरी सोडतात. त्या सेकंदाला साधारण ३०० कोटी वेळा हेलकावतात आणि इलेक्ट्रॉन त्यांच्यावर स्वार होतो. नळीच्या शेवटाला त्याची गती प्रकाशाच्या ९९.७ टक्के झालेली असते. तिथे टंगस्टनचा तुकडा असतो. इलेक्ट्रॉन त्यात घुसतो, करकचून ब्रेक लागतो आणि त्या ब्रेकमध्ये गेलेल्या ऊर्जेचा काही भाग क्ष-किरण म्हणून बाहेर पडतो. (बरीचशी ऊर्जा उष्णता होते, म्हणून पाण्यानं थंड करावं लागतं.) मग धातूच्या पातळ पट्ट्या पुढेमागे सरकून त्या किरणांना गाठीच्या आकाराची खिडकी करून देतात. आत्याला ऐकू येणारी घूं घूं म्हणजे हा सगळा संसार गोल फिरण्याचा आवाज.

“म्हणजे लाईट खरंच लाईटच आहे,” आत्या म्हणाली. आहेच. फक्त डोळ्यांना न दिसणारा.

सरळ नळीची अडचण अशी की जास्त ऊर्जा हवी तर नळी लांब हवी. मग त्याच त्या नळीतून कणाला पुन्हा पुन्हा नेलं तर? अमेरिकेत बर्कलीला अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या डोक्यात विडेरोंचा लेख चाळताना हेच आलं. १९३१ च्या सुरुवातीला त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी लिव्हिंग्स्टन यांनी बशीएवढं यंत्र चालवून दाखवलं. चुंबकात कण गोल फिरतो, प्रत्येक अर्ध्या फेरीला धक्का. २ हजार व्होल्टच्या आसपासच्या धक्क्यांतून त्यांनी कणांना ८० हजारांपर्यंत नेलं. हा सायक्लोट्रॉन. लॉरेन्स यांना १९३९ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. सायक्लोट्रॉन आजही कामात आहे. लाईट सुरू होण्याआधी आत्याचं पेट स्कॅन पुण्याला केलं, तेव्हा दिलेल्या इंजेक्शनमधला किरणोत्सारी फ्लोरीन सायक्लोट्रॉनमध्येच घडवलेला असतो. तो दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. ‘इंजेक्शनची गाडी आली का’ म्हणून तिथला माणूस सारखा फोन का करत होता, ते यावरून कळेल. ते औषध कपाटात ठेवून पुढच्या आठवड्यात वापरायचं नसतं.

पण गोल फिरवण्याचं खरं मर्म समजायला मंगळवेढ्याला जावं लागेल. तिथे आजोबांचं ज्वारीचं रान होतं. कणसं भरली की पाखरं उतरायची, आणि माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचं काम पोरांचं. ज्यानं गोफण फिरवली आहे त्याला माहीत असतं की दगडाला वेग येतो तशी दोरी हाताला जास्त ओढते. दोन फेऱ्यांनंतर बोटं काचतात. दोरी तेवढीच लांब ठेवायची असेल तर ओढ वाढवत न्यावी लागते, नाहीतर दगड सुटलाच.

सर्नचं कडं ही अशी गोफण आहे. दोरीच्या जागी चुंबकं. कण वेग घेतो तसा चुंबकांतला प्रवाह वाढवत न्यायचा, म्हणजे कण त्याच वाटेवर राहतो. दोन्हींचा मेळ सतत जुळता ठेवायचा, म्हणून या जातीचं नाव सिंक्रोट्रॉन.

आता थोडा हिशोब, कारण तो मला स्वतःला फार आवडतो. सुरुवात होते हायड्रोजनच्या एका छोट्या बाटलीपासून. त्याच्या अणूंना एकेक जादा इलेक्ट्रॉन चिकटवून ते आधी एका सरळ यंत्रातून पळवतात. मग इलेक्ट्रॉन काढून टाकले की उरलेले प्रोटॉन एकापेक्षा एक मोठ्या तीन कड्यांतून जातात. यातलं मधलं कडं १९५९ सालचं आहे आणि अजून रोज चालतं. सोलापुरातल्या मागवाल्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही. शेवटी ते २७ किलोमीटरच्या कड्यात येतात तेव्हा त्यांची ऊर्जा ४५ हजार कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. तिथून ६.८ लाख कोटींपर्यंत न्यायला २० मिनिटं लागतात. प्रोटॉन सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतो. म्हणजे २० मिनिटांत सुमारे १ कोटी ३५ लाख फेऱ्या. भागाकार करा: एका फेरीला सुमारे ५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

आत्याचं मशीन एका दमात ६० लाख देतं! जगातलं सगळ्यात ताकदवान यंत्र एका फेरीत त्याच्या बाराव्या हिश्शाएवढंच लोटतं. त्याला जास्त देता येत नाही असं नाही, पण चुंबकांतला प्रवाह त्याहून भरभर वाढवता येत नाही. दोरी तयार नसताना दगड पळवून काय उपयोग? जोर नको, टायमिंग बघ.

हे टायमिंग कसं टिकतं तेही पाहण्यासारखं आहे. प्रोटॉन सुटे नाही, टोळ्यांनी फिरतात. एका टोळीत सुमारे १० हजार कोटी प्रोटॉन असतात. सगळे तंतोतंत एका वेळी येणं शक्य नाही. म्हणून विजेची लाट अशी साधतात की सरळ यंत्रात थोडा आधी आलेला कण कमी धक्का खातो आणि थोडा मागे पडलेला जास्त. पुढचा रेंगाळतो, मागचा गाठतो. कुणी शिस्त लावायला उभं नसताना टोळी आपोआप एकत्र राहते. रशियात वेक्सलर यांना १९४४ मध्ये आणि अमेरिकेत मॅकमिलन यांना १९४५ मध्ये हे एकमेकांना न विचारता सुचलं. मोठ्या कड्यात गणित थोडं उलट बसतं, पण टोळी जमते ती याच युक्तीनं. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर दिंडी कशी चालते ते पाहिलं असेल तर वेगळं सांगायला नको.

वेगाबद्दल एक गंमत. शेवटच्या कड्यात प्रोटॉनची ऊर्जा १५ पट वाढते, पण वेग वाढतो फक्त सेकंदाला सुमारे ६५० मीटर, तोही मुळात सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर असताना. आधीच तो प्रकाशाच्या टाचेला टेकलेला असतो आणि प्रकाशाच्या पुढे कुणी जात नाही. शेवटी तो प्रकाशापेक्षा सेकंदाला ३ मीटर मागे असतो, म्हणजे सायकलच्या वेगाइतका फरक. मग ओतलेली ऊर्जा जाते कुठे? कण आवरायला जड होत जातो. त्याची गती फारशी वाढत नाही, त्याचा मार वाढतो. अशा एका प्रोटॉनमध्ये उडत्या डासाएवढी ऊर्जा असते. ऐकायला किरकोळ, पण डासात किती प्रोटॉन असतात याचा विचार करा.

चुंबकांबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तिथे सूत येतं. प्रोटॉनला वळवणारी मुख्य चुंबकं १,२३२ आहेत. प्रत्येक १५ मीटर लांब, ३५ टन वजनाचं. त्यांच्या वेटोळ्यांतून ११-१२ हजार अँपिअर प्रवाह जातो. साध्या तांब्यातून एवढा प्रवाह सोडला तर तार वितळेल. म्हणून निओबियम-टायटॅनियमची तार वापरतात, जी फार थंड झाली की विजेला अजिबात अडवत नाही. फार थंड म्हणजे उणे २७१ अंश. अंतराळातल्या रिकाम्या जागेपेक्षाही थंड. मे महिन्यात ४३-४४ अंशांत शिजणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आकडा नुसता वाचूनही बरं वाटतं. हे सगळं द्रवरूप हेलियमनं साधतात.

आणि ती तार आतून कशी असते? मिलिमीटरभर जाडीच्या एका पदरात हजारो धागे, प्रत्येक धागा मिलिमीटरच्या हजार भागांतल्या सुमारे सात भागांइतका, केसाच्या दहाव्या हिश्शाचा. असे पदर गुंफून पट्टीसारखी केबल. आत्यानं बोटांवर काल्पनिक सूत चोळत विचारलं, “तुटलं तर?” ज्यानं कांड्या भरल्या आहेत त्यालाच हा प्रश्न पहिला सुचतो.

तुटलं होतं. १० सप्टेंबर २००८ ला यंत्र सुरू झालं. आपल्या काही टीव्ही चॅनेलनी त्या दिवशी जग कृष्णविवरात जाणार म्हणून दिवसभर धिंगाणा घातला. माझ्या वर्गातली दोन पोरं शाळेला आली नाहीत, कारण ‘शेवटचा दिवस घरी’. (त्याहून जोरदार टकरा अंतराळातून येणारे किरण आपल्या वातावरणात अब्जावधी वर्षं करत आहेत.) जग बुडालं नाही, पण नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, दोन चुंबकांमधला तारेचा एक जोड नीट बसलेला नव्हता तो तापला, ठिणगी पडली, हेलियमची टाकी फुटली आणि कित्येक टन हेलियम बोगद्यात पसरलं. टनावारी वजनाची चुंबकं जागची हलली. ५३ चुंबकं बाहेर काढावी लागली. पुन्हा प्रोटॉन फिरायला नोव्हेंबर २००९ उजाडला. एक गाठ कच्ची राहिली की काय होतं, हे सोलापूरला कुणी शिकवायला नको.

आता टकरा. दोन टोळ्या उलट दिशांनी फिरतात आणि कड्यावरच्या चार ठिकाणी केसाहून बारीक करून समोरासमोर आणतात. १० हजार कोटी इकडचे, १० हजार कोटी तिकडचे, आणि एका वेळी खरी धडक होते ५०-६० जोड्यांची. बाकीचे नुसते जवळून निघून जातात. पण टोळ्या सेकंदाला कोट्यवधी वेळा भेटतात, त्यामुळे सेकंदाला १०० कोटींच्या वर टकरा होतात.

इथे एक मोठा गैरसमज आहे, आणि शिक्षकसुद्धा तो पसरवतात. मीही पसरवला आहे. आपण सांगतो, घड्याळ आपटून फोडायचं आणि आतले भाग पाहायचे, तसं. तसं नाही. टकरीतून बाहेर येणारं बरंचसं आत नव्हतंच. आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे ऊर्जेचं वस्तुमान होऊ शकतं, आणि टकरीच्या जागी साठलेल्या ऊर्जेतून नवे कण तिथल्या तिथे घडतात. हिग्ज कण प्रोटॉनपेक्षा सुमारे १३३ पट जड आहे. दोन शेंगदाणे एकमेकांवर आपटावेत आणि त्यातून कलिंगड निघावं, असा प्रकार. म्हणून जास्त ऊर्जा लागते. जडातला जड कण घडवायला तेवढी रोकड हातात हवी.

हे कलिंगड टिकत मात्र नाही. हिग्ज कण सेकंदाच्या इतक्या लहान भागात विरतो की तो कधीच कुणाला प्रत्यक्ष दिसत नाही. दिसतात त्याचे तुकडे. टकरीच्या जागेभोवती कांद्यासारखी पापुद्र्या-पापुद्र्यांची यंत्रं उभी केली आहेत. आतला थर कणांची वाट टिपतो, त्याबाहेरचा त्यांची ऊर्जा शोषून मोजतो, सगळ्यात बाहेरचा जे आतल्या थरांत अडकत नाहीत ते म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊ, टिपतो. यातलं ॲटलास नावाचं यंत्र ४६ मीटर लांब आणि २५ मीटर उंच आहे. सीएमएस त्याहून लहान पण दुप्पट जड, १४ हजार टन. सगळ्या टकरा साठवणं शक्यच नाही. कोणत्या ठेवायच्या ते यंत्रं आणि संगणक क्षणात ठरवतात आणि जवळजवळ सगळ्या फेकून देतात.

मग हिग्ज सापडला कसा? समजा नवी पेठेत शेंगा चटणीचं दुकान आहे आणि मालक म्हणतो, आम्ही १२५ रुपयांचं कोणतंच पाकीट विकत नाही. तुमच्या हातात वर्षभराच्या पावत्या आहेत. कुणी ४० चं घेतलं, कुणी ३१० चं, कुणी नेमकं १२५ चंही. एकट्या पावतीवरून काही सिद्ध होत नाही. पण सगळ्या पावत्यांचा आलेख काढला आणि गुळगुळीत उतरणीवर १२५ पाशीच छोटा उंचवटा दिसला, तर ते पाकीट काउंटरखालून विकलं जात आहे. हिग्ज कधीकधी दोन प्रकाशकणांत विरतो. अशा जोड्यांच्या ऊर्जांचा आलेख काढला तेव्हा १२५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी उंचवटा दिसला. निव्वळ योगायोगानं असं दिसण्याची शक्यता ३५ लाखांत एक, इतकी खात्री होईपर्यंत थांबले आणि ४ जुलै २०१२ ला जाहीर केलं. पुढच्या वर्षी पीटर हिग्ज आणि फ्रान्स्वा आँग्लेर यांना नोबेल मिळालं. दोघांनी ही गोष्ट कागदावर मांडली होती १९६४ मध्ये.

वर्तमानपत्रांनी त्याला ‘देवकण’ केलं. त्या नावानं गोंधळच जास्त झाला. आत्यानंही हात जोडले होते. मुद्दा असा आहे की सगळ्या विश्वात एक अदृश्य क्षेत्र पसरलेलं आहे आणि इलेक्ट्रॉनसारख्या मूळ कणांना वस्तुमान मिळतं ते त्याच्याशी असलेल्या संबंधातून. इलेक्ट्रॉनला वजनच नसतं तर अणू बनले नसते. मात्र आपलं सगळं वजन हिग्जमुळे आहे हे खरं नाही. प्रोटॉनचं बहुतेक वजन त्याच्या आतल्या कणांच्या धावपळीतून आणि त्यांना बांधणाऱ्या ऊर्जेतून येतं. आत्या तेव्हा ४८ किलो होती. त्यातला हिग्जच्या खात्यावर जाईल साधारण अर्धा किलो.

“बाकीचं?” “बाकीची धावपळ.” “हां, ते खरं आहे.”

पुढे काय शोधायचं आहे? यादी मोठी आहे, मला त्यातल्या दोनच गोष्टी खऱ्या ओढतात. एक, कृष्णद्रव्य. आकाशगंगा ज्या वेगानं फिरतात त्यावरून दिसणाऱ्या द्रव्याच्या पाचपट न दिसणारं द्रव्य असायला हवं. ते कशाचं आहे हे कळलेलं नाही. टकरीत त्याचा कण घडला तर तो कोणत्याच थरात न अडकता निघून जाईल. मग कळायचं कसं? कारखान्यात कळतं तसंच. सूत किती किलो आत गेलं, चादरी किती किलो बाहेर आल्या, घट किती. हिशोब जुळला नाही तर कुणीतरी काहीतरी नेलं. टकरीच्या एका बाजूला खूप काही उडालं आणि समोर काहीच नाही, तर न दिसणारं काहीतरी गेलं आहे. पंचाईत अशी की न्यूट्रिनो हे ओळखीचे चोरही असंच करतात, आधी त्यांचा हिस्सा वजा करावा लागतो. आजवर वजा करून काही उरलेलं नाही.

दुसरं, प्रतिद्रव्य कुठे गेलं. ऊर्जेतून कण घडतो तेव्हा त्याचा उलटा जोडीदारही घडतो, आणि दोघं भेटले की दोघंही नष्ट. विश्वाच्या सुरुवातीला जोड्या सारख्याच होत्या तर काहीच उरायला नको होतं. पण आपण आहोत, सिद्धेश्वर तलाव आहे. म्हणजे कुठेतरी अब्जात एखाद्याचा पक्षपात झाला. एलएचसीबी नावाचा प्रयोग दोघांच्या वागण्यातला फरक मोजत बसला आहे. फरक सापडतो, पण एवढं मोठं विश्व उरायला तो पुरत नाही.

खरं सांगायचं तर २०१२ नंतर तसा मोठा, नवा मूळ कण हाती आलेला नाही. सुपरसिमेट्री नावाच्या सुंदर कल्पनेचे कण सापडतील अशी अनेकांना खात्री होती, ते आले नाहीत. आता ९१ किलोमीटरच्या कड्याची योजना टेबलावर आहे. तेवढा पैसा घालावा का यावर भौतिकशास्त्रज्ञांमध्येच वाद आहे आणि तो वाद रास्त आहे. माझं मत विचाराल तर आधी आहे त्या हिग्जला नीट तपासावं. सध्याच्या कड्याची सुधारणा करून २०३० च्या सुमारास कितीतरी जास्त टकरा मिळवायच्या आहेत, ते पुरेसं काम आहे.

आपला हात यात कुठे आहे हे विचारणाऱ्यांसाठी: ती ३५ टनांची चुंबकं ज्या जॅकवर बसली आहेत आणि मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंत सरकवता येतात, ते सुमारे ७ हजार जॅक भारतातून गेले. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. आणि इंदूरला इंडस-२ नावाचं आपलं स्वतःचं कडं आहे, १७२ मीटरचं. तिथे इलेक्ट्रॉन वळताना जो प्रकाश सांडतो तोच वापरून पदार्थांची तपासणी करतात.

पंचविसाव्या लाईटच्या दिवशी आत्याचा नंबर उशिरा लागला. मी मोबाईलवर सर्नच्या नियंत्रण कक्षाचा फोटो दाखवत होतो आणि बोलताबोलता ‘बीम’ म्हणालो. तिनं लगेच कान टवकारले. आमच्याकडे बीम म्हणजे मागाच्या मागे बसणारा ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा रूळ.

“त्यांची बीम किती दिवस पुरते?”

“दिवस नाही गं. १०-१२ तास. मग टकरा कमी व्हायला लागतात. तेव्हा सगळी वळवून ८ मीटर लांबीच्या ग्रॅफाइटच्या ठोकळ्यात सोडून देतात. पुन्हा नवी भरतात.”

“सोडून देतात? शिल्लक असताना?”

“बरीच शिल्लक असते.”

आत्या थोडा वेळ गप्प बसली. आत तिच्या नावाचा पुकारा झाला, तशी उठता उठता म्हणाली, “आमच्याकडे हातभर ताणा उरला तरी त्याची एकेक तार नव्याला गाठ मारून जोडायचो. टाकला असता तर तुझ्या आजोबांनी घराबाहेर काढलं असतं.”

आणि चपला दाराशी काढून लाईट घ्यायला आत गेली.